पायाखालची पेटी

फावल्या वेळचे उद्योग

‘वाद’ आणि ‘वाद्य’ हे दोन्ही शब्द संस्कृतांतील ‘वद्’ या एकाच धातूपासून निघाले आहेत. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकावांचूनही पटेल. कारण घरांत नवें वाद्य आलें कीं त्याच्या पाठोपाठ वाद येतोच. तंबोरा असला तर तो ठेवावा कोठें हा वाद, तबला असला तर तो बडवावा केव्हां हा वाद, आणि वाद्य परदेशीं असलें तर तें घरांत असावेंच कां, हा सर्वांत मोठा वाद!

अशाच एका वादाची हकीकत एका वयोवृद्ध वाचकांनीं या सदराकडे लिहून पाठविली आहे. त्यांची नात महाविद्यालयांत शिकते. तिच्याजवळ विजेची गिटार आहे, आणि त्या गिटारीचा सूर ‘फोडणारी’ एक पेटी बाजारांतून विकत न आणतां घरींच करावी असा तिचा हट्ट आहे. काकांचें म्हणणें, पैसे पाण्यांत जातील. आईची काळजी, पोर हात भाजून घेईल. आणि स्वतः आजोबांची शंका अशी कीं, चांगला सूर मुद्दाम बिघडविण्यांत कसली आली आहे विद्या? तिन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत. आजोबांचा तर फारच. म्हणून या महिन्याचें सदर त्या घरास, आणि त्या निमित्तानें अशा सर्वच घरांस, उद्देशून लिहीत आहों.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. विजेच्या गिटारीचा आवाज तिच्या पोटांतून निघत नाहीं. तारांच्या खालीं लोहचुंबक असतात व त्यांभोवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे घेतलेलें वेटोळें असतें. पोलादी तार चुंबकाजवळ कांपली कीं वेटोळ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं शोधून काढलेला नियम तो हाच. ही वीज फार थोडी, एका व्होल्टाच्या दशांशाच्या आसपास असते. तारा जोरानें छेडल्या तर याहून बरीच वाढते. ती एका तारेच्या दोरीनें ध्वनिवर्धकाकडे जाते व तेथें तिचा मोठा आवाज होतो. आतां वाटेंत आपण एक लहानशी पेटी ठेवली आणि जातां जातां त्या विजेवर कांहीं संस्कार केला, तर सूर बदलून बाहेर पडणार हें उघड आहे. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून पेटी जमिनीवर ठेवून तिची कळ पायानें दाबावयाची. तिला ‘पेडल’ म्हणतात तें यामुळेंच. कांहीं पेट्या सुराला प्रतिध्वनि देतात, कांहीं त्याला झुलवितात, आणि कांहीं त्याला खरखरीत, घोंगावणारा करतात. नवशिक्यानें आरंभ या शेवटच्या जातीपासून करावा. कारण तिला सर्वांत कमी भाग लागतात आणि तिच्यांत शिकण्यासारखें सर्वांत अधिक असतें.

हा घोंगावणारा सूर कोणा पंडितानें योजून काढलेला नाहीं. तो बिघाडाच्या पोटीं जन्मास आला. अमेरिकेंत लिंक रे या वादकानें १९५८ सालच्या ‘रंबल’ या गतीसाठीं ध्वनिवर्धकाच्या कागदी पडद्यास मुद्दाम भोंकें पाडलीं होतीं, असें सांगतात. पुढें नॅशव्हिल शहरांत मार्टी रॉबिन्स या गायकाच्या, १९६१ सालीं लोकप्रिय झालेल्या ‘डोण्ट वरी’ या गाण्याचें ध्वनिमुद्रण चाललें असतां मुद्रणयंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन याच्या वाद्याचा सूर अगदीं फाटून उमटला. तो पुसून टाकावा कीं ठेवावा हा प्रश्न पडला आणि शेवटीं तो ठेवला गेला. ध्वनिमुद्रण करणारा ग्लेन स्नॉडी याच्या ध्यानांत आलें कीं, हा फाटका सूर लोकांना हवासा वाटतो. मग त्यानें एका सहकाऱ्याच्या मदतीनें तसाच सूर हुकमी काढणारी पेटी तयार केली, आणि गिब्सन कंपनीनें ती १९६२ सालीं ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नांवानें बाजारांत आणली. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स या इंग्रज वादकमेळ्याचें ‘सॅटिस्फॅक्शन’ हें गाणें निघालें. त्याच्या आरंभींची ओळ कीथ रिचर्ड्स यानें याच पेटींतून वाजविली होती. तेव्हांपासून या पेट्यांची मागणी जी वाढली ती आजतागायत. १९६६ सालीं लंडनमध्यें ‘फझ फेस’ ही वाटोळी पेटी निघाली. जिमी हेंड्रिक्स या विख्यात वादकाच्या पायाखालीं ती असे. तिच्या पोटांत काय होतें? दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन धारक आणि दोन फिरत्या कळा. एकूण भाग अकरा! १९६८ सालीं न्यूयॉर्कमध्यें माइक मॅथ्यूज याच्या कंपनीनें ‘एलपीबी-१’ ही पेटी काढली. तिच्यांत तर ट्रान्झिस्टर एकच होता.

इतकी साधी वस्तु घरीं कां करूं नये, हा विचार त्या देशांतील तरुणांना न सुचता तरच नवल. क्रेग अँडर्टन याचें, वादकांनीं स्वतः करावयाच्या विजेच्या यंत्रांवरील पुस्तक १९७५ सालीं निघालें, आणि तेव्हांपासून स्वयंपाकघराच्या टेबलावर पेट्या जुळविणाऱ्यांची एक जातच तयार झाली. आमच्या पत्रलेखकांची नात त्या जातींत प्रवेश करूं पाहत आहे, एवढाच याचा अर्थ.

आतां आजोबांच्या शंकेकडे वळूं. कारण तिचें उत्तर मिळालें नाहीं तर पुढील सर्व खटाटोप व्यर्थ आहे. चांगला सूर मुद्दाम बिघडवावा काय?

या प्रश्नाचें उत्तर त्यांच्याच घरीं, भिंतीशीं गवसणींत उभ्या असलेल्या तंबोऱ्यापाशीं आहे. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकवून वाजवली तर ती कशी बोलते, आणि तिच्याखालीं सुताचा धागा सरकवून जवारी लावल्यावर ती कशी बोलते, हें ज्यानें एकदां ऐकलें आहे त्यास अधिक सांगावयास नको. जवारी म्हणजे तारेचा घोडीशीं होणारा हलकासा अडथळा. या अडथळ्यामुळें मूळ स्वराच्या पोटांतील वरचे स्वर जागे होतात आणि तार गुंजूं लागते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं वीणा व तंबोरा यांवर लिहिलेल्या निबंधांत दाखवून दिलें आहे कीं, साध्या तारेच्या नियमानुसार जे वरचे स्वर ऐकूंच येऊं नयेत, तेही या वाद्यांच्या घोडीच्या विशिष्ट घडणीमुळें स्पष्ट ऐकूं येतात. खर्जाच्या तारेंतून आपोआप उमटणारा गंधार ऐकून आपण माना डोलावतों. तो कोणी वाजविलेला नसतो, तो मूळ स्वराचा पांचवा अंश असतो.

पेटी हेंच काम निराळ्या मार्गानें करते. तार कांपते तेव्हां विजेची लाट टेकडीसारखी चढते व उतरते. पेटींत तिची उंची आधीं पुष्कळ वाढवावयाची आणि मग ठराविक पातळीच्या वर तिला जाऊंच द्यावयाचें नाहीं. म्हणजे टेकडीचा माथा कापला जाऊन तिचें पठार होतें. लाटेच्या वरच्या व खालच्या बाजू सारख्याच कापल्या, तर मूळ स्वरांत त्याच्या तिप्पट, पांचपट, सातपट कंपनांचे स्वर मिसळतात, असें गणित सांगतें. मूळ स्वर षड्ज मानला तर तिप्पट म्हणजे एक सप्तक वरचा पंचम, आणि पांचपट म्हणजे दोन सप्तकें वरचा गंधार! तंबोऱ्यांतून ऐकूं येणारे पाहुणे येथेंही हजर आहेत. मात्र येथें ते मोठ्या आवाजानें बोलतात. जवारी आणि ही पेटी या दोन्ही वस्तु एकच, असें आमचें म्हणणें नाहीं. जवारींत तारेलाच अडथळा होतो, पेटींत विजेच्या लाटेला. परंतु शुद्ध, एकेरी स्वराला अडथळा करून त्यांतून भरदार स्वर काढावा ही कल्पना आपल्या संगीतास परकी नाहीं, एवढें निश्चित.

या सुराची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. एका वेळीं एक तार वाजवली तर तो गोड लागतो. परंतु अनेक तारा एकदम वाजविल्या तर पेटी त्या स्वरांची खिचडी करते, कारण दोन स्वरांच्या बेरजेचे व वजाबाकीचे असे नवेच स्वर तिच्यांत उत्पन्न होतात. म्हणून या पेटीचे वादक बहुधा षड्ज आणि पंचम ही जोडीच घेतात. त्यांचें प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे पुन्हां षड्जच, एक सप्तक खालचा. गंधार मात्र तितकासा जमत नाहीं. कारण गिटारीच्या पडद्यांवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षां किंचित चढा असतो व त्याची वजाबाकी बेसूर पडते. हार्मोनियमच्या पट्ट्यांवरही हाच आक्षेप होता. याच व अशा इतर कारणांसाठीं १९४० सालीं आकाशवाणीनें हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ सालीं सैल होईपर्यंत तीस वर्षें टिकली. तरीही महाराष्ट्राच्या नाट्यसंगीतांतून आणि घराघरांतील भजनांतून ती परदेशीं पेटी हलली नाहीं. तेव्हां षड्ज-पंचमाचें नातें पारखण्यास आजोबांसारखा दुसरा गुरु त्या मुलीस मिळणार नाहीं. नातीच्या पेटीशीं त्यांनीं भांडूं नये, तिची परीक्षा घ्यावी.

शंका फिटली असें गृहीत धरून आतां प्रत्यक्ष कृतीकडे येऊं. पहिली पेटी ‘एलपीबी-१’च्या धर्तीवर, एका ट्रान्झिस्टरची करावी. तिला लागणारें साहित्य असें : बीसी ५४७ जातीचा एक ट्रान्झिस्टर, ४ लाख ७० हजार, ४७ हजार, १० हजार आणि ३९० ओहमचा प्रत्येकीं एक रोधक, ज्याला दुकानदार ‘रेझिस्टन्स’ म्हणतात, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन धारक, म्हणजे दुकानदाराच्या भाषेंत ‘कंडेन्सर’, ज्यांवर १०४ असा आंकडा छापलेला असतो; एक लाख ओहमची फिरती कळ; गिटारीची दोरी खुपसण्याचीं दोन जॅकें; आणि ९ व्होल्टांची चौकोनी बॅटरी. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर व पुण्यास बुधवार पेठेंत पासोड्या विठोबाच्या आसपास हें सर्व एका फेरींत मिळतें. रोधकांवर आंकडे नसतात, रंगीत पट्टे असतात. ते असे ओळखावे : पिवळा-जांभळा-पिवळा म्हणजे ४ लाख ७० हजार, पिवळा-जांभळा-नारिंगी म्हणजे ४७ हजार, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० हजार, नारिंगी-पांढरा-तपकिरी म्हणजे ३९०. चौथा पट्टा बहुधा सोनेरी असतो. तो उजवीकडे धरून वाचावें.

ट्रान्झिस्टरचें काम पाटाच्या फळीसारखें आहे. एका हातानें फळी थोडी वर-खालीं केली कीं पाटांतील मोठा प्रवाह त्या हाताच्या तालावर कमीजास्त होतो. गिटारीची क्षीण वीज हा तो हात, बॅटरींतील वीज हें पाणी. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपणांकडे व पाय खालीं धरले तर डावीकडून पहिला पाय ‘कलेक्टर’, मधला ‘बेस’ व तिसरा ‘एमिटर’. ही ओळख नीट करून घ्यावी. कारण अमेरिकन आकृत्यांत बहुधा सांपडणाऱ्या २एन५०८८ या ट्रान्झिस्टरचे पाय बरोबर उलट क्रमानें असतात, आणि तो कागद पाहून हा बसविला तर पेटी जन्मभर मौन धरते.

जोडणी पुढीलप्रमाणें करावी. बॅटरीच्या धन टोंकापासून १० हजारांचा रोधक कलेक्टरला, व ४ लाख ७० हजारांचा बेसला जोडावा. बेसपासून ४७ हजारांचा आणि एमिटरपासून ३९० चा रोधक बॅटरीच्या ऋण टोंकास आणावा. हें ऋण टोंक म्हणजे सर्व मंडलाची ‘जमीन’. दोन्ही जॅकांच्या बाहेरच्या कड्या हिलाच जोडावयाच्या. गिटारीकडून येणाऱ्या जॅकाचें टोंक एका धारकाच्या द्वारें बेसला मिळतें. कलेक्टरपासून दुसरा धारक फिरत्या कळीच्या एका बाजूच्या पायास, कळीचा दुसऱ्या बाजूचा पाय जमिनीस आणि मधला पाय बाहेर जाणाऱ्या जॅकाच्या टोंकास जोडला कीं मंडल पुरें झालें. धारकांचें काम द्वारपालाचें : सुराची हलती वीज ते आंत सोडतात, बॅटरीची स्थिर वीज अडवितात. सूर किती पटीनें वाढेल हें १० हजारांस ३९० नीं भागून समजतें. तें उत्तर पंचविसाच्या आसपास येतें. यांतील प्रत्येक आंकडा कांहीं तरी सांगतो, आणि विकत आणलेली पेटी यांतलें एक अक्षरही सांगत नाहीं. घरीं करण्याचा खरा लाभ तो हा.

हें मंडल प्रथम ‘ब्रेडबोर्ड’वर जुळवावें. हा भोंकांचा एक पाट असतो. त्यांत भागांचे पाय नुसते खोंचून जोडणी होते व चूक निघाल्यास उपटून पुन्हां खोंचतां येते. तेथें पेटी बोलूं लागली म्हणजे मगच ती ‘झीरो पीसीबी’ या नांवानें मिळणाऱ्या ठिपक्यांच्या फळीवर उतरवून डाख द्यावा. घाई करणारे ही पायरी गाळतात आणि नंतर डाख उकलीत बसतात.

डाख देणें ही या उद्योगांतील मुख्य कला. ज्यांनीं आपल्या लहानपणीं कल्हईवाल्यास काम करतांना पाहिलें आहे त्यांना तिचें मर्म ठाऊकच आहे. तो आधीं भांडें तापवी, मग नवसागर फिरवी आणि मग कथलाचा स्पर्श करी. कथील आपोआप भांडेंभर पसरे. येथेंही तसेंच. तापलेल्या कावियेचें टोंक सांध्याला लावून आधीं सांधा तापवावा आणि मग सोल्डरची तार कावियेला न लावतां सांध्याला लावावी. तारेच्या पोटांत राळ असते, ती नवसागराचें काम करते. वेगळा नवसागर वा आम्ल येथें मुळींच वापरूं नये, त्यानें पुढें तांबें खाल्लें जातें. चांगला डाख चकचकीत, उतरता, देवळाच्या पायथ्यासारखा दिसतो. गोळा होऊन वर बसलेला, निस्तेज डाख कच्चा समजावा. वरून जोडल्यासारखा दिसला तरी आंतून वीज जात नाहीं. पंचवीस वॉटची काविया पुरे. एका सांध्यावर तीन-चार सेकंदांपेक्षां अधिक रेंगाळूं नये, कारण ट्रान्झिस्टर उष्णतेनें मरतो.

बहुतेकांची पहिली पेटी पहिल्या रात्रीं बोलत नाहीं. हा अपशकुन समजूं नये; खरा अभ्यास येथूनच सुरू होतो. बॅटरी लावून मीटरचें काळें टोंक जमिनीस धरावें व लाल टोंकानें ट्रान्झिस्टरचा एकेक पाय तपासावा. बेसवर पाऊण व्होल्टाच्या आसपास, एमिटरवर त्याहून सुमारें सहा दशांश व्होल्ट कमी, आणि कलेक्टरवर तीन ते साडेपांच व्होल्टांच्या दरम्यान दाब दिसला तर प्रकृति ठीक आहे. कलेक्टरवर पुरे नऊ व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टरमधून वीज वाहतच नाहीं : पाय उलटे असतील, किंवा एखादा डाख कच्चा असेल. दाब ठीक असून आवाज नसेल तर दोष वाटेंत आहे. त्यासाठीं ध्वनिवर्धकाकडे जाणाऱ्या दोरीच्या टोंकाला एक जादा धारक जोडून त्याच्या मोकळ्या पायानें गिटारीपासून पुढें एकेक सांधा चांचपीत जावें. ज्या सांध्यापर्यंत सूर ऐकूं येतो व ज्याच्या पुढें येत नाहीं, त्या दोहोंच्या मध्यें चोर बसलेला आहे. वैद्य जसा नाडी, जीभ, पोट या क्रमानें पाहतो तसा हा क्रम आहे. हा क्रम ज्या मुलीच्या हातीं बसला ती पुढें कोणत्याही विषयांत ‘कांहीं तरी बिघडलें आहे’ एवढें म्हणून स्वस्थ बसणार नाहीं. नेमकें काय व कोठें बिघडलें, असें विचारील.

पेटी सूर वाढवूं लागली म्हणजे त्या सुराचा माथा कापण्याचें काम उरतें. त्यासाठीं १एन४१४८ जातीचे दोन डायोड घ्यावे व ते एकमेकांस उलट दिशेनें, दुसरा धारक आणि फिरती कळ यांच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत जोडावे. डायोड हें एकेरी दार आहे. दाब सुमारें सहा दशांश व्होल्टांवर गेला कीं तें उघडतें आणि वरची वीज जमिनींत सोडून देतें. एक डायोड लाटेचा माथा कापतो, दुसरा तळ. त्यांच्या जागीं जर्मेनियमचे डायोड लावले तर कापणी आधीं व हळुवार होते. तांबडे दिवे, म्हणजे एलईडी, लावले तर ती बऱ्याच वरच्या पातळीवर होते आणि सूर मोकळा राहतो. तिन्ही प्रकार ब्रेडबोर्डवर लावून घरांतील सर्वांना ऐकवावे व कोणाला कोणता आवडला तें टिपून ठेवावें. एकाच वेळीं एकच भाग बदलावा, हा प्रयोगशाळेचा नियम येथें हंसतखेळत शिकतां येतो.

शेवटीं पेटी. ती धातूचीच हवी आणि तिचें अंग जमिनीस जोडलेलें हवें. नाहीं तर घरांतील विजेच्या तारांची पन्नास कंपनांची घरघर सुरांत शिरते. पायाचा भार पडणार असल्यामुळें पातळ डबा उपयोगी नाहीं. ओतीव ॲल्युमिनियमची डबी उत्तम. बॅटरीऐवजीं भिंतींतील विजेचा अडॅप्टर लावावयाचा झाल्यास एक सावधगिरी हवी : या पेट्यांच्या प्रघातानुसार अडॅप्टरच्या मधल्या खिळ्यास ऋण टोंक असतें, तर बाजारांतील बहुतेक साध्या अडॅप्टरांत तेथें धन टोंक असतें. नवशिक्यानें बॅटरीच बरी. हें मंडल इतकी थोडी वीज खातें कीं एक बॅटरी शेंकडों तास पुरते.

आतां काकांचा आक्षेप. पहिली पेटी विकतच्या पेटीपेक्षां स्वस्त पडेल असें आश्वासन आम्ही देणार नाहीं. आंतील भाग अगदीं थोड्या पैशांचे असतात. खर्च येतो तो पायाची कळ, जॅकें, डबी, काविया आणि मीटर यांना. परंतु काविया व मीटर पुढील दहा पेट्यांना पुरतात, आणि घरांतील मोडका रेडिओ, पंख्याचा रेग्युलेटर किंवा टॉर्च तपासावयास काकांनाही तो मीटर लागेलच.

आईचा आक्षेप सर्वांत योग्य, म्हणून त्याचें उत्तर नियमांनीं दिलें पाहिजे. काम खिडकीजवळ करावें. राळेचा धूर श्वासांत घेऊं नये. नेहमींच्या सोल्डरमध्यें शिसें असतें, तेव्हां स्वयंपाकाच्या ओट्यावर वा जेवणाच्या टेबलावर हें काम नको. काम झाल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून तोंडांत कांहीं घालूं नये. भागांचे जादा पाय कापतांना ते डोळ्यांकडे उडतात, म्हणून चष्मा असावा. काविया नेहमीं तिच्या घोडीवर ठेवावी आणि उठतांना बटन बंद करावें. रांगतें मूल असलेल्या घरांत तर खोलीचें दारही. नऊ व्होल्टांच्या बॅटरीनें इजा होत नाहीं, पण ध्वनिवर्धकाचें झांकण कधींही उघडूं नये. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत तर बंद केल्यानंतरही शेंकडों व्होल्टांचा सांठा राहतो. आणि दुपारची झोंप व परीक्षेचे दिवस यांत पेटीनें मौन पाळावें, हा शेवटचा नियम शेजाऱ्यांच्या वतीनें!

इतकें झाल्यावर एक गोष्ट वडील माणसांस स्पष्टपणें सांगावीशी वाटते. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या लेखणीला मान मिळाला, हत्याराला क्वचितच. मूल पुस्तकांतील मंडल पाठ म्हणून दाखवूं लागलें तर आपण कौतुक करतों. तेंच मूल काविया हातीं घेऊन बसलें तर ‘हें काम का तुझें?’ असें विचारतों. परंतु ज्या तंबोऱ्यासमोर आपण हात जोडतों तो मिरजेच्या शिकलगारांनीं घडविला. शस्त्रांना धार लावणारें तें घराणें. राज्यें गेलीं, शस्त्रांची मागणी गेली, तेव्हां त्यांनीं भोपळा, लांकूड आणि तार हातीं घेऊन नवी विद्या संपादन केली. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें, तें या हातांच्या बुद्धीचें चीज होय. अशी बुद्धि नुसत्या वाचनानें येत नाहीं. ती बोटांना चटका बसून, डाख उकलून, मुकी पेटी चौथ्यांदा तपासून येते.

म्हणून पत्रलेखक आजोबांस आमचा सल्ला असा. नातीस परवानगी द्यावी, खिडकीजवळचा एक कोपरा द्यावा, आणि त्या कोपऱ्यांतील पसारा दुसऱ्या कोणीं आवरूं नये असा घरांत दंडक घालावा. पहिल्या रात्रीं पेटी बोलली नाहीं तर ‘आम्ही आधींच म्हटलें होतें’ हें वाक्य सर्वांनीं गिळावें. त्या एका वाक्यानें जितके उद्योग बुडाले असतील तितके पैशाच्या अभावीं खास बुडाले नसतील. तिला दोष शोधण्यास वेळ द्यावा आणि तो तिनेंच शोधावा. पेटी बोलूं लागली म्हणजे आजोबांनीं तंबोरा गवसणींतून काढून जवारी लावावी, नातीनें आपली एक तार छेडावी, आणि दोघांनीं मिळून त्या दोन्ही सुरांत गंधार शोधावा. सांपडला तर वाद मिटला. न सांपडला, तर डायोड बदलून पाहण्यास दुसरा दिवस आहेच.